नाना, तो अर्धा गुण तुमचा

आदरणीय नाना,
सा. न.

फोनवर स्पर्धेतल्या बुद्धिबळाच्या डावाबद्दल "बरोबरीत सुटला" एवढंच बोलता आलं, जळगाव स्टेशनावर गाड्यांच्या घोषणा चालू होत्या. बाकीचं सगळ्यांसमोरच लिहितो.

समोरच्याचं फिडे रेटिंग, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचं गुणांकन, माझ्यापेक्षा चारशेने जास्त. एवढ्या फरकाला फिडेच्या तक्त्यात खालच्या खेळाडूकडून डावामागे 0.08 गुण धरतात, म्हणजे हरणार हे गृहीतच. मला मिळाला अर्धा. वरचे 0.42 गुणिले माझा के-फॅक्टर (रेटिंग किती वेगाने बदलायचं ते ठरवणारा आकडा) 20, म्हणजे 8.4 रेटिंग वाढलं.

वजीर लवकर गेले, घोडे-उंटही मारामारीत संपले. उरला दोघांचा एकेक हत्ती आणि त्यांचं ई पट्टीतलं, म्हणजे ई नावाच्या उभ्या रांगेतलं, एक जास्तीचं प्यादं. शेजारच्या पटावरचा मुलगा माझ्याकडे असा बघून गेला, जणू दारावर आलाय.

पण ही तर तुमच्या ओट्यावरची पोझिशन! माझा राजा ई8 वर, प्याद्याच्या वाटेत. हत्ती त्यांच्या बाजूने मोजून सहाव्या ओळीत आडवा, म्हणजे त्यांच्या राजाला पुढे येता येत नाही. मग मी नुसता हत्ती त्याच ओळीत इकडून तिकडे फिरवत बसलो. हात शिवशिवत होता, शह देऊन टाकावा वाटत होतं. "घाई कशाले करस रे?" हे तुमचं वाक्य तेव्हा कानात होतं. शेवटी त्यांनी प्यादं ई6 वर ढकललं आणि मी हत्ती थेट पहिल्या ओळीत नेला. मागून शहावर शह. प्यादं पुढे गेलं की राजाला त्याच्या आड लपायला जागाच उरत नाही. फिलिडोर या फ्रेंच बुद्धिबळपटूने 1777 साली दाखवलेला बचाव अमळनेरच्या पोराच्या कामी आला तो तुमच्यामुळे.

त्यांनी फुकट सोडलं असं कुणी म्हणू नये. प्रत्येक चालीला मिळणारे तीस सेकंद पुरवून पुरवून ते झगडले, मगच हात पुढे केला.

मी ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचे, व्हिडिओ घेऊन यायचो आणि तुम्ही पट रिकामा करून दोन राजे, दोन हत्ती, एक प्यादं एवढंच ठेवायचात. चिडायचो मी. फीचं विचारलं की तुम्ही काकूंना चहा टाकायला सांगायचात. आपल्याकडे ओपनिंग शिकवणारे पुष्कळ भेटतात, हे कंटाळवाणं काम कोण करतो?

रविवारी स्कोअरशीट, म्हणजे डावातल्या चाली लिहिलेला कागद, घेऊन येतो. कडेच्या प्याद्याचा धडा राहिलाय, तेवढा घ्या. काकूंना नमस्कार.

तुमचा,
ओट्यावरचा विद्यार्थी