मंत्रिपदाच्या वावड्या

मुंबई, १० नोव्हेंबर १९६२

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

होस्टेलवरची मुलं विचारतात म्हणतोस, बाबा मंत्री होणार का? अरे, इथेही तेच. ३१ तारखेला पंडितजींनी संरक्षण खातं काढून घेतलं तेव्हाच कृष्ण मेनन गेल्यात जमा होते; बुधवारी पुरतेच गेले. आता त्यांच्या जागी यशवंतरावांना दिल्लीहून बोलावणं येणार, असं जो तो छातीठोक सांगतो. मग इथे मुख्यमंत्री कोण? विदर्भाला मान द्यायचा तर कन्नमवार किंवा वसंतराव नाईक, नाहीतर बाळासाहेब देसाई. आणि नवं मंत्रिमंडळ झालं की आपल्या जिल्ह्याला एक उपमंत्रिपद! बाजारात तुरी, दुसरं काय.

काल जवानांसाठी स्वेटर विणायला आम्ही बायका जमलो होतो. दोन सुलट, दोन उलट, मधूनमधून खातेवाटप. एकीने तर महसूल खातं घरात आणूनही ठेवलं. त्या नादात तिची बाही इतकी लांबली की जवानाचे हात गुडघ्यापर्यंत हवेत. हसू येण्याऐवजी चीड आली. चिन्यांनी तवांग घेऊन पंधरा दिवस झाले, आपली पोरं तिकडे कापडी बुटांनी बर्फात उभी आहेत. यशवंतरावांच्या वेणूताईंना मुंबईचं बिऱ्हाड आवरून दिल्लीत मांडावं लागेल, हेही कुणाच्या तोंडी आलं नाही.

मला काही वाटत नाही असं नाही हं. फेब्रुवारीत २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसच्या आल्या, त्या गर्दीत बाबांसारख्या पहिल्यांदा निवडून आलेल्या आमदाराला कोण विचारतो, हे कळतं. तरी फोन वाजला की हात पुसत आधी मीच धावते. बहुतेकदा गावाकडचा कुणीतरी असतो, “वहिनी, हार कधी आणू?” बाबा अवाक्षर काढत नाहीत.

तुझ्या खोलीतल्या मुलाचे काका जिल्हा काँग्रेसमध्ये आहेत, विसरू नकोस. कुणी विचारलं तर आई फक्त तब्येतीचं लिहिते म्हणून सांग. पत्र फाडून टाक.

माझ्या पाटल्या संरक्षण निधीला दिल्या. पावती माझ्या नावाची करून घेतली. या दिवसांत बाबांच्या नावाने दिल्या असत्या तर मंत्रिपदासाठी दिल्या म्हणायला लोक मोकळे. फोटोवाल्यालाही परत पाठवलं. सैन्यभरतीचं तू जे लिहिलंस ते बाबांना स्वतः कळव, माझ्यामार्फत नको.

तुझी,
आई