छावणीचे कागद ट्रंकेतून बाहेर काढा

कामठी छावणीत राहणाऱ्या आणि नागपुरात स्थायिक झालेल्या सगळ्या जुन्या कामठीकरांना नमस्कार.

सीताबर्डीची लढाई १८१७ ची. तिच्यानंतर चार वर्षांनी, १८२१ मध्ये, इंग्रजांनी कन्हानच्या काठी फौजेचा तळ टाकला. तळाची छावणी झाली, छावणीला बाजार लागला, मद्रासी पलटणींमागोमाग आलेली कुटुंबं इथलीच होऊन गेली. आता छावण्या मोडीत काढायचं केंद्राचं धोरण आहे. एप्रिल २०२३ मध्ये हिमाचलातल्या खासयोलपासून सुरुवात झाली. महाराष्ट्रातल्या सात छावण्यांत आपली कामठीही आहे. धोरण असं, की लष्करी भाग लष्कराकडेच ठेवायचा आणि नागरी वस्ती शेजारच्या नगरसंस्थेत घालायची. रस्ते, पाणी, दिवे ही मालमत्ता नगरसंस्थेला फुकट मिळेल. जमिनीवरचा हक्क जिथे केंद्र सरकारचा आहे, तिथे तो केंद्राकडेच राहील. ओल्ड ग्रँटच्या, म्हणजे जमीन सरकारची आणि घर आपलं अशा, बंगल्यात पिढ्या काढलेल्यांनी हे नीट वाचावं.

नगरसंस्थेत गेल्यावर या वस्तीचा आराखडा कोणीतरी करेलच. करणाऱ्याच्या टेबलावर जुन्या घरांची, विहिरींची आपण केलेली नोंद आधी पोचली पाहिजे, एवढंच आमचं म्हणणं. जीएलआरमध्ये, म्हणजे छावणीच्या जमिनींच्या सरकारी नोंदवहीत, सर्व्हे नंबर मिळतो, क्षेत्र मिळतं, ताबेदाराचं नाव मिळतं. कोणत्या विहिरीला मे महिन्यातही पाणी असतं, हे तिथे मिळत नाही.

गेल्या महिन्यात एका बंगल्याची मोजणी करताना बैठकीच्या भिंतीत, छताजवळ, बोटभर भोक दिसलं. घरच्या आजी म्हणाल्या, "पंखेवाल्याच्या दोरीचं हाये ते. तो बाहेर व्हरांड्यात बसून ओढे." (वीज नव्हती तेव्हा छताला टांगलेला पंखा असा दोरीने हलवत.) आता त्यातून केबलची वायर आत आली आहे. आम्ही ते भोक नकाशात घेतलं. दुरुस्तीवाला सगळ्यात आधी तेच लिंपणार, म्हणून.

तर मदत हवी आहे ती अशी. जुने फोटो, भाडेपावत्या, लीजचे कागद, घराचे नकाशे घेऊन या. तुमच्यासमोर स्कॅन करू आणि मूळ प्रत लगेच तुमच्या हातात देऊ. (पोस्टाने पाठवू नका, एकदा हात पोळले आहेत.) सिव्हिल किंवा आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलांनी टेप घेऊन रविवारची सकाळ द्यावी, चहा-पोहे आमच्याकडे. तमिळ, तेलुगू वाचणारं कोणी असेल तर जरूर यावं, जुन्या कबरींवरची अक्षरं लागत नाहीत. जीएलआरचे उतारे, नकाशांच्या मोठ्या प्रती आणि वकिलाचा सल्ला यांना पैसा लागतो; शंभर रुपयेही चालतील, पावती मिळेल, हिशेब दर महिन्याला फलकावर लागेल.

मोकळ्या मैदानावर गाळे नकोत आणि एखादा रिकामा बंगला वाचनालयाला मिळावा, असं आमचं मत. तुमचं वेगळं असेल तर येऊन भांडा.

दर रविवारी सकाळी आठ ते अकरा आम्ही गोरा बाजारात टेबल मांडून बसतो. लष्करी हद्दीत फोटो काढायला कोणी जाऊ नये, आपलं काम नागरी वस्तीपुरतंच आहे.

आपले,
छावणी परिसरातील रहिवासी