‘तू आपला नीघ’ : पाराशा शिकवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सादर शालोम. ठाण्याच्या शाअर हाशामायिम सिनेगॉगमध्ये, आम्हा यहुद्यांच्या प्रार्थनामंदिरात, मी लहानपणापासून पाराशा, म्हणजे तोरा या धर्मग्रंथाचा त्या त्या आठवड्याला वाचायचा भाग, ऐकत आले, प्रार्थनेपुरती हिब्रू अक्षरेही वाचत आले. परंतु ऐकलेल्या ओळींचा अर्थ कोणाला विचारण्याचे धैर्य पन्नाशीपर्यंत झाले नाही. आपण इस्राएलमधल्या अश्दोदहून दर गुरुवारी फोनवर, मराठीतून, त्या आठवड्याची पाराशा भाष्यांसह समजावून दिलीत, त्याबद्दल हे आभाराचे पत्र. आपले नाव लिहू नये ही आपली इच्छा मी पाळत आहे.

‘लेख लेखा’ या पाराशाचा गुरुवार माझ्या मनातून जात नाही. देव आब्राहामाला नुसते ‘लेख’, म्हणजे ‘जा’, म्हणत नाही, पुढे ‘लेखा’ हा शब्द जोडतो. मराठीत ‘तू आपला नीघ’ म्हणताना येणारा ‘आपला’ तसाच, असे आपण सांगितलेत. आणि जो शब्द आपण बोलण्याच्या ओघात सोडून देतो तोच अकराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये तोराचे भाष्यकार राशी यांनी धरून ठेवला व ‘तुझ्या सुखासाठी, तुझ्या भल्यासाठी’ असा त्याचा अर्थ लावला. राशींची ओळख मला माझ्या आईच्या बोलीतून झाली, हे ऋण मोठे आहे.

पुढे कनानात दुष्काळ पडतो आणि आब्राहाम मिसरला जातो. राशींच्या मते ती त्याची परीक्षा होती. दुसरे भाष्यकार रांबान मात्र लिहितात की आपली पत्नी सारा हिला संकटात लोटून आणि देश सोडून त्याच्या हातून नकळत मोठे पाप घडले. एवढा श्रद्धावान भाष्यकार आपल्या मूळपुरुषाचा दोष इतक्या स्पष्टपणे सांगतो, हे ऐकून मी अस्वस्थ झाले होते. आपण माझी समजूत घातली नाहीत. दोन्ही भाष्ये पुन्हा वाचायला लावलीत.

गेल्या शब्बाथला, शनिवारच्या विश्रांतिदिनी, माझ्या नातीने विचारले, “साराने आपल्या दासीला, हागारेला, छळले, तेव्हा हागारेच्या बाजूने कोणीच बोलले नाही का?” पूर्वी मी विषय बदलला असता. त्या दिवशी मी रांबानांचे भाष्य उघडले आणि तिला दाखवले : आपल्या मातेने, साराने, हा छळ करून अपराध केला, आणि तो होऊ देणाऱ्या आब्राहामानेही. ती बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिली.

आपली कृतज्ञ,
ठाण्याची विद्यार्थिनी