पोस्टमागं टोकन आणि शाहू स्टेडियमवरची पोरं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र थोडं लांब झालंय, पण खेळावर पोस्ट टाका आणि क्रिप्टो टोकन, म्हणजे मोबाईलवर विकता येणारं डिजिटल नाणं, मिळवा असं सांगणाऱ्या ॲपचा विषय असा आहे की आमच्या वयाच्या लोकांना तो नीट कळत नाही आणि पोरांना तो कुणी नीट समजावून सांगत नाही, म्हणून लिहायला बसलो.

माझा भाचा 19 वर्षांचा, इथंच कोल्हापुरात कॉलेजला. शिवाजी पेठेत वाढलेलं पोरगं, त्यामुळं शाहू स्टेडियमला फुटबॉलची मॅच असली की जेवण अर्धं टाकून पळणार हे ठरलेलं. आणि रात्री युरोपातल्या मॅचेस, त्यात बार्सिलोना म्हणजे जीव की प्राण. 2025 च्या मे महिन्यात चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल होती, बार्सिलोना विरुद्ध इंटर मिलान, आपल्याकडं रात्री साडेबाराला सुरू झाली. मी पण त्याच्याबरोबर जागा होतो. सेमीफायनलच्या दोन मॅचपैकी पहिलीत 3-3, या दुसरीत बार्सिलोना 3-2 नं पुढं, फायनल दिसायला लागलेली, आणि इंज्युरी टाईममध्ये 93 व्या मिनिटाला इंटरच्या आचेर्बीनं गोल मारला. मी कपाळाला हात लावला, भाच्याकडं बघितलं तर हा खाली मान घालून मोबाईलवर टाईप करतोय. म्हटलं अरे बघ की काय झालं, तर म्हणाला मामा थांबा की, आत्ता डबल पॉइंट चालू आहेत. एक्स्ट्रा टाईममध्ये फ्रात्तेसीनं चौथा मारला आणि बार्सिलोना गेली, आणि आमच्या पोरानं पोस्ट टाकली ती इंटरच्या कौतुकाची, कारण त्या रात्री त्यांच्या नावाच्या हॅशटॅगला जास्त पॉइंट होते. आधी बार्सिलोना हरली की दोन दिवस घरात धड बोलायचा नाही. मला ते बघून खरंच वाईट वाटलं.

मग मी त्याला बसवून सगळं विचारून घेतलं. एक ॲप आहे, नाव लिहीत नाही. त्यात आपलं सोशल मीडियाचं अकाउंट जोडायचं, खेळाबद्दल छोट्या छोट्या पोस्ट टाकायच्या, दोन-तीन ओळींच्या, त्यांनी सांगितलेले हॅशटॅग घालून. मशीन त्या पोस्टला मार्क देतं, किती लोकांनी बघितली, किती जणांनी उत्तर दिलं त्यावर. लीडरबोर्डवर नाव चढतं, पॉइंट साठतात आणि काही महिन्यांनी त्या पॉइंटचे म्हणे क्रिप्टो टोकन मिळतात. मित्राला जोडलं तर आणखी पॉइंट. आमचं पोरगं रोज पंधरा-वीस पोस्ट टाकत होतं, परीक्षेच्या काळात पण. चार महिन्यांनी ॲपमध्ये आकडा दिसत होता अकरा हजार रुपयांचा, घरात सगळ्यांना दाखवून झाला. टोकन मिळाले तेव्हा कळलं की चौथा हिस्साच विकता येतो, बाकीचे एक वर्ष लॉक. आणि बाजारात ते टोकन आल्या दिवशीच ज्याला त्याला विकायची घाई, कारण सगळ्यांना फुकट मिळालेलं, त्यामुळं भाव धाडकन खाली. हातात आले 640 रुपये. चार महिने जागरण करून. आता यात कुणी चोरी केली असं मी म्हणत नाही, अटी लिहिलेल्या होत्या, इंग्रजीत, बारीक अक्षरात.

ही कल्पना काही आजची नाही. 2016 मध्ये स्टीमिट नावाची साईट आली, लिहा आणि क्रिप्टो मिळवा म्हणून, पुढं त्यातूनच खेळावर लिहिणाऱ्यांना वेगळं टोकन देणारे गट पण निघाले. तिथं ज्याच्याकडं जास्त टोकन त्याच्या मताला जास्त वजन, म्हणजे चांगलं लिहिलंय का यापेक्षा मोठ्या माणसाच्या नजरेत आलं का याला महत्त्व. 2018 च्या जानेवारीत त्या साईटच्या स्टीम टोकनचा भाव आठ डॉलरपर्यंत गेला होता आणि दीड वर्षात अर्ध्या डॉलरच्या खाली आला. ज्यांनी वरच्या भावाला आपल्या मेहनतीचा हिशोब मांडला त्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको.

मोठे क्लब पण यात आहेत हे पोरं लगेच सांगतात, आणि ते खरं आहे. 2021 च्या ऑगस्टमध्ये मेस्सी पीएसजीला गेला तेव्हा त्याच्या वेलकम पॅकेजमध्ये क्लबचे फॅन टोकन, म्हणजे क्लबच्या नावानं चाहत्यांना विकले जाणारे क्रिप्टो टोकन, होते, तसं क्लबनंच सांगितलं. त्या दिवसांत ते टोकन 50 डॉलरच्या वर गेलं, दोन वर्षांत दहा डॉलरच्या खाली आलं. मेस्सीला त्याचा काय फरक पडणार, पण ज्यांनी मेस्सी आला म्हणून घेतलं ते सगळे आपल्या पोरांसारखेच फॅन होते. आणि हे टोकन घेऊन फॅनला क्लबमध्ये काय हक्क मिळाला, तर ड्रेसिंग रूमच्या भिंतीवर कुठलं चित्र लावायचं, गोल झाल्यावर कुठलं गाणं वाजवायचं, अशा गोष्टींवर मत द्यायचा. तिकिटाचा दर किती असावा किंवा कोच कोण असावा हे कुणी फॅनला विचारलं नाही. इंग्लंडमध्ये 2021 च्या डिसेंबरमध्ये तिथल्या जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या संस्थेनं आर्सेनलच्या फॅन टोकनच्या दोन जाहिरातींवर बंदी घातली, कारण त्यात धोका नीट सांगितला नव्हता आणि क्रिप्टोतली गुंतवणूक हलक्यात घेतली होती.

आणि इंटर मिलानचंच बघा, ज्यांच्या कौतुकाच्या पोस्ट आमचं पोरगं टाकत होतं. त्यांच्या जर्सीवर एका क्रिप्टो कंपनीचं नाव होतं, त्या कंपनीनं ठरलेले पैसे दिले नाहीत, शेवटी क्लबनं सीझन संपायच्या आधी जर्सीवरून नाव काढून टाकलं आणि 2023 ची चॅम्पियन्स लीग फायनल दुसऱ्याच कंपनीचं नाव लावून खेळले. एवढा मोठा क्लब, वकिलांची फौज, लेखी करार, तरी पैसे मिळाले नाहीत, मग कोल्हापुरातल्या पोराला पॉइंटचे पैसे कोण मिळवून देणार, तक्रार करायची म्हटली तर कुणाकडं जायचं.

आता आपल्याकडचं. 1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टो विकून नफा झाला तर सरळ 30 टक्के कर आहे, वर सेस, आणि एकात तोटा झाला तरी तो दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. त्याच वर्षीच्या 1 जुलैपासून विक्रीवर 1 टक्का टीडीएस पण आहे. बक्षीस म्हणून मिळालेलं टोकन हे पण उत्पन्नच, मग ते कुठल्या दिवसाच्या भावानं धरायचं हे 19 वर्षांच्या पोराला कोण सांगणार. भाच्याच्या मित्रांपैकी एकालाही हे माहीत नव्हतं, सगळ्यांनी पॅन नंबर देऊन केवायसी केलेलं आणि रिटर्न म्हणजे वडिलांनी भरायची गोष्ट असं समजून बसलेले. बीसीसीआयनं 2023 ला महिला प्रीमियर लीगच्या वेळी क्रिप्टोच्या जाहिराती घ्यायच्या नाहीत असं टीमना सांगितलं होतं. म्हणजे मैदानावरच्या बोर्डला बंदी आणि तीच जाहिरात हजारो पोरांच्या तोंडून दोन-दोन ओळींत करून घेतली तर कुणाचं लक्ष नाही.

माझा मुद्दा हाच आहे. पैसे घेऊन लिहिलेलं म्हणजे जाहिरात, मग ती पन्नास लाख फॉलोअरवाल्यानं टाकलेली असो नाहीतर चारशे फॉलोअरवाल्या कॉलेजच्या पोरानं. जाहिरात क्षेत्राची आपली जी एएससीआय संस्था आहे तिनं 2021 मध्येच नियम केला की मोबदला घेऊन पोस्ट टाकत असाल तर तसं लिहा, केंद्र सरकारनं पण 2023 च्या जानेवारीत तेच सांगितलं. पण ते सगळं नटनट्या आणि इन्फ्लुएन्सर डोळ्यासमोर ठेवून. भाच्याच्या एकाही पोस्टखाली जाहिरात हा शब्द नव्हता, आणि तसं लिहायला ॲपनं त्याला सांगितलंही नव्हतं. वाचणाऱ्याला वाटणार की फॅन मनापासून बोलतोय. मग अशा हजारो पोस्ट जमल्या की तो हॅशटॅग ट्रेंडिंगला येतो, आणि दुसऱ्या दिवशी बातमी होते की सोशल मीडियावर चाहत्यांचा जल्लोष. संपादकसाहेब, या ठिकाणी तुमच्यासारख्या वृत्तपत्रांचा पण संबंध येतो, म्हणूनच पत्र तुम्हाला लिहितोय.

आमच्याकडं पीटीएम (पाटाकडील तालीम मंडळ) आणि शिवाजी मंडळ या इथल्याच दोन टीमची मॅच असली की स्टेडियमवर काय होतं ते तुमच्या कोल्हापूरच्या बातमीदाराला विचारा. हलगी, शिट्ट्या, पायरीवर पाय ठेवायला जागा नाही, आणि गोल चुकला की आपल्याच खेळाडूला चार शब्द ऐकवणारे म्हातारे. 2017 ला 17 वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला तेव्हा पेठापेठांतून पोरांनी स्टेटस ठेवले, मिळेल तो फोटो टाकला, शुद्धलेखनाच्या चुकांसकट मनात येईल ते लिहिलं. त्याला कुणी पॉइंट देत नव्हतं. त्या लिहिण्यात शिव्या पण होत्या, भांडणं पण होती, आणि मी म्हणत नाही की ते सगळं चांगलंच होतं, पण जो लिहीत होता त्याचंच ते होतं. मशीन मार्क देतंय म्हटल्यावर शिवी पण जाते आणि रडणं पण जातं, उरतं ते फक्त काय जबरदस्त मॅच, कोण जिंकणार सांगा, असलं एकाच साच्यातलं. भाच्यानं मला त्याच्या जुन्या पोस्ट दाखवल्या, शेवटी शेवटी तर तो त्या एआयकडून लिहून घेत होता, मॅच न बघताच.

2026 च्या जानेवारीत एक्सनं, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरनं, नियम बदलला, पोस्ट टाकल्याबद्दल बक्षीस देणाऱ्या ॲपना त्यांची यंत्रणा वापरू देणार नाही म्हणून, कारण एआयच्या कचऱ्यानं सगळं भरून गेलं होतं. भाच्याचं ॲप त्यानंतर आठवड्याभरात गप्प झालं. पुढच्या फेरीसाठी साठवलेले पॉइंट तसेच पडलेत, लॉक टोकनचा भाव आता पैशांत मोजावा लागतो. पण ही माणसं दुसऱ्या कुठल्या तरी साईटवर हेच घेऊन येणार, आयपीएलला तर नक्की येणार, कारण एवढे फॅन एका जागी दुसरीकडं मिळत नाहीत.

म्हणून माझी मागणी साधी आहे. फॅनला बक्षीस द्यायचंय ना, खुशाल द्या, पण रुपयात द्या किंवा तिकीट, जर्सी असं द्या की पोरगं हातात धरून घरी आणेल. टोकनच द्यायचं असेल तर विकता कधी येणार, कर किती लागणार आणि भाव शून्य होऊ शकतो हे मराठीत, पहिल्याच स्क्रीनवर, मोठ्या अक्षरात लिहा. अशा प्रत्येक पोस्टवर जाहिरात हा शब्द आपोआप येईल ही जबाबदारी कंपनीवर टाका, पोरावर नको. आणि तुमच्या क्रीडा पानावर ट्रेंडिंग हॅशटॅगची बातमी देण्याआधी त्याच्यामागं असली कुठली स्कीम चालू आहे का एवढं तपासा.

भाच्याचं विचाराल तर त्यानं ॲप काढून टाकलंय. परवा शाहू स्टेडियमला आम्ही दोघं गेलो होतो, आमची टीम हरली, आणि घरी येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. मला इतकं बरं वाटलं.

आपला,
एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर