फुटपाथचं काम चौकापासून चौकापर्यंत मोजा

महोदय,

पावसाळा सरला की मुंबईत फुटपाथ उखडायला सुरुवात होते. जुने पेव्हर ब्लॉक निघतात, त्यांच्या जागी काँक्रीट पडतं, कडेला नवे दगड बसतात. या कामांच्या दर्जाबद्दल आजवर पुष्कळ लिहून आलं आहे. मला लिहायचं आहे ते ही कामं मोजण्याच्या पद्धतीबद्दल. किती चौरस मीटर काँक्रीट टाकलं यावर बिल निघत असेल, तर कंत्राटदार चौरस मीटरच भरणार. म्हणून दोन गेटांच्या मधला पट्टा गुळगुळीत होतो आणि माणूस जिथे अडतो ती टोकं तशीच राहतात.

दादर-माहीमकडच्या कुठल्याही जुन्या गल्लीत बघा. थोडं चाललं की सोसायटीचं गेट येतं, पुढे पार्किंगचा उतार, मग दुकानाची पायरी. प्रत्येक ठिकाणी फुटपाथ तुटतो. गाडीला आत शिरणं सोपं जावं म्हणून चालणाऱ्याने उतरायचं आणि पलीकडे पुन्हा चढायचं. खरं तर फुटपाथ गेटासमोरूनही त्याच उंचीवर सलग न्यायला हवा. चढ चढायचाच असेल तर तो गाडीने चढावा, तिला इंजिन आहे. माझ्या सासूबाई वॉकर घेऊन चालतात. आमच्या गल्लीत नवा फुटपाथ झाला तेव्हा त्याची कड आधीपेक्षा उंच झाली, आणि तेव्हापासून त्या रस्त्यावरूनच चालतात, उभ्या टॅक्सी आणि दुचाक्यांच्या बाहेरच्या बाजूने. मागून बस आली की माझा जीव वरखाली होतो. लहान मुलाला बाबागाडीतून नेणारी आई, सामानाची ट्रॉली ओढणारा हमाल, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस, सगळे तिथेच उतरलेले दिसतात.

नियम नाहीत असं म्हणायला जागा नाही. रस्त्यांचे मानक ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार फुटपाथवर किमान १.८ मीटर रुंदी मोकळी हवी आणि कडेची उंची १५ सेंटीमीटरच्या वर जायला नको. व्हीलचेअरसाठी उतार १:१२ चा धरतात. म्हणजे १५ सेंटीमीटर उतरायला १.८ मीटर लांबीचा रॅम्प लागतो. आपल्याकडे कोपऱ्यावर वीतभर सिमेंट लिंपून त्यालाच रॅम्प म्हणतात. त्यावरून व्हीलचेअर ढकलायला दोन धडधाकट माणसं लागतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. मुंबई महापालिकेचं पादचाऱ्यांना प्राधान्य देणारं धोरणही त्याच वर्षीचं. १४ मे २०२५ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने विनाअडथळा फुटपाथ वापरण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ खाली, म्हणजे जगण्याच्या हक्कात येतो, आणि फुटपाथ दिव्यांगांनाही वापरता आले पाहिजेत, हे स्पष्ट केलं.

दुचाक्या वर चढू नयेत म्हणून फुटपाथच्या तोंडाशी खांब रोवतात. हेतू योग्यच आहे. पण दोन खांबांत ९० सेंटीमीटर तरी मोकळे ठेवले नाहीत तर व्हीलचेअर बाहेरच राहते. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला या खांबांची स्वतःहून दखल घ्यावी लागली होती. पिवळ्या लाद्यांचंही तेच. रेषांची लादी सांगते सरळ चला, ठिपक्यांची सांगते सावध व्हा. अंध माणूस त्यावर विश्वास ठेवून पाऊल टाकतो, आणि ती पट्टी विजेच्या पेटीवर जाऊन संपली तर तो विश्वासघात आहे. हा शब्द मी विचार करून वापरते आहे.

फुटपाथचा विषय निघाला की बोट फेरीवाल्यांकडे जातं. त्यांच्यासाठी २०१४ चा कायदा आहे, जागा ठरवून देण्याची तरतूदही आहे. ती अमलात यावी, पण तोवर उंच कडा आणि अर्धवट रॅम्प तसेच ठेवायला ते कारण पुरेसं नाही.

माझी मागणी एवढीच. फुटपाथचं शेवटचं बिल मंजूर करण्याआधी एक व्हीलचेअरवरची व्यक्ती आणि एक पांढरी काठी वापरणारी व्यक्ती एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंत जाऊ द्या. त्यांना या कामाचा मोबदला द्या. वॉर्डातले अभियंते सोबत चालतील. जिथे त्यांना रस्त्यावर उतरावं लागेल, ती जागा आधी दुरुस्त व्हावी, मग पैसे सुटावेत. पुढे कुणी केबलसाठी चर खणला, तर तो बुजवल्यावरही हीच चाचणी व्हावी.

सुरुवात परळपासून करावी. केईएम, टाटा आणि वाडिया ही रुग्णालयं तिथे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. गावाहून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक हातात फाइल घेऊन ते अंतर पायीच कापतात. स्टेशनपासून या तिन्ही रुग्णालयांच्या दारापर्यंतचा फुटपाथ पुढच्या पावसाळ्याआधी या चाचणीत उतरेल का, याचं उत्तर वॉर्ड ऑफिसने आपल्या वृत्तपत्रातून द्यावं.

– एक वाचक, दादर (पश्चिम), मुंबई