कांदळवन परतले, डायॉक्सिन अजून तिथेच आहे

संपादक महोदय,
स. न.

कालच्या पुरवणीतला व्हिएतनामवरचा लेख वाचला आणि न राहवून लिहायला बसलो. दक्षिण व्हिएतनाममधल्या कान जोचे कांदळवन पुन्हा दाट झाले, म्हणजे एजंट ऑरेंजचा, अर्थात युद्धात अमेरिकी सैन्याने जंगलांवर फवारलेल्या रसायनाचा, विषय संपला, असा लेखाचा सूर आहे. कान जोची माहिती खरी आहे. 1978 पासून लोकांनी चिखलात उतरून रोपे लावली, त्यातून ते जंगल उभे राहिले. पण झाडे मारणारे रसायन वेगळे आणि माणसांना आजही छळणारे विष वेगळे. लेखात त्यांची सरमिसळ झाली आहे.

लेखात एजंट ऑरेंजला ‘नारिंगी वायू’ म्हटले आहे, तेही चूक. तो तेलकट द्रव होता. 208 लिटरच्या पिंपावर नारिंगी पट्टा असे, त्यावरून नाव पडले. त्यात 2,4-डी आणि 2,4,5-टी ही तणनाशके निम्मी-निम्मी. ती काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत विघटित होतात. मात्र 2,4,5-टी बनवताना तापमान चढले की टीसीडीडी हे डायॉक्सिन, म्हणजे ते टिकून राहणारे विष, सोबत तयार होते, आणि उत्पादनाची घाई केली की तापमान चढते.

‘पन्नास पावसाळ्यांत सारे धुऊन गेले’ हे वाक्य तर छापायलाच नको होते. डायॉक्सिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते मातीच्या कणांना चिकटते. पाऊस ते कणांसकट वाहून नेतो आणि तळ्याच्या गाळात बसवतो. उघड्यावर उन्हाने थोडेफार तुटते, गाळात ऊन पोचत नाही. तिथून गोगलगायी, मासे, बदके. मासा कितीही धुतला, शिजवला तरी ते जात नाही, कारण ते चरबीत असते. माणसाच्या अंगातले निम्मे कमी व्हायला 7 ते 11 वर्षे लागतात. आईच्या दुधातून मात्र ते थेट बाळाच्या पोटात जाते.

जंगलावर फवारा पातळ पसरला. पिंपे जिथे साठवली, ओतताना सांडली, विमाने जिथे धुतली, त्या डा नांग, बिएन होआ आणि फू कॅटच्या विमानतळांवर विष साचले. व्हिएतनामची मातीसाठीची मर्यादा 1,000 पीपीटी, म्हणजे एक टन मातीत एक मिलिग्रॅम! गाळासाठी त्याहून कडक, 150 पीपीटी.

डा नांगमध्ये ही माती कशी साफ केली, हे लेखात यायला हवे होते. खणलेली माती काँक्रीटच्या भिंतींच्या प्रचंड पेटीत भरली, वरून झाकली, हजाराहून जास्त हीटर उभे खुपसले आणि सगळा ढीग 335 अंश सेल्सिअसपर्यंत तापवला. ओल्या गाळाची अडचण अशी, की आतले पाणी उकळून जाईपर्यंत तापमान शंभराच्या आसपास अडून बसते. वीज जळत राहते, महिने जातात. वाफ शोषून, थंड करून, कोळशाच्या गाळणीतून सोडावी लागते. दोन टप्प्यांत सुमारे 90,000 घनमीटर माती अशी भाजली आणि काम 2018 मध्ये संपले. हा एकाच विमानतळाचा हिशेब.

बिएन होआत सुमारे 5 लाख घनमीटर माती आहे. 2019 मध्ये काम सुरू झाले. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली तेव्हा ते मध्येच थांबले आणि खणलेली दूषित माती उघडी राहिली. खणण्याआधी ती निदान दबलेली होती.

आणखी एक. लेखासोबत अपंग मुलाचे उघड्या अंगाचे छायाचित्र आणि खाली ‘शापित’ हा शब्द. हा शाप नाही, कारखान्यात बनलेले रसायन आहे. एखाद्या मुलाचे व्यंग त्यामुळेच झाले हे सिद्ध करणे अवघड असते, हे मान्य. तरी व्हिएतनामला गेलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मुलांना स्पायना बायफिडा या पाठीच्या कण्याच्या जन्मजात दोषासाठी त्यांचे सरकार मदत देते. व्हिएतनामी पीडितांचा रासायनिक कंपन्यांविरुद्धचा दावा मात्र अमेरिकी न्यायालयाने 2005 मध्ये फेटाळला. छायाचित्राखाली हे लिहिता आले असते.

पावसाळ्यांविषयीच्या त्या वाक्याची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत, त्याच पानावर छापावी, ही विनंती.

– एक वाचक