मरोळच्या गाळ्यातल्या इंजिनिअर बाईंना

नमस्कार मॅडम,

नाव लिहू नका असं तुम्ही फोनवर दोनदा बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितेय. चार महिन्यांत आमच्या भांडुपच्या चाळीतल्या निम्म्या लोकांनी विचारून झालं, "काय गं, बाबांना थ्रीडी प्रिंटरवर प्रिंट केलेला जबडा बसवला म्हणे?" समजावून समजावून दमले. आता कोणी विचारलं की हेच पुढे पाठवीन.

तर, नाही बसवला. तुम्ही बनवलेलं बाबांच्या अंगात काहीही नाही. जबड्याच्या जागी आहे ते त्यांच्याच पायाचं हाड, आणि ते धरून ठेवणारी टायटॅनियमची पट्टी. तुम्ही केलेले फर्मे, म्हणजे हाड नेमकं कुठे कापायचं ते ठरवणारे साचे, हाड कापून होईपर्यंत कामाला आले आणि ट्रेमध्ये परत गेले. डॉक्टरांना पेढे दिले, नर्सताईंना दिले, वॉर्डबॉयलासुद्धा दिले. तुम्ही तिथे नव्हतातच, म्हणून तुमचे आभार राहून गेले.

बाबांचं कुर्ल्याला फॅब्रिकेशनचं काम. ग्रिल, शेड, लोखंडी जिने. चाळीस वर्षं तंबाखू-चुना मळायचा आणि डाव्या गालात धरायचा, आणि नेमकी तिथेच गाठ आली, हिरडीवरून खालच्या हाडात उतरलेली. डॉक्टर म्हणाले, जबड्याचा डावा भाग काढायचा आणि पायातल्या बारक्या हाडाचा नवा करायचा. नडगीच्या बाजूचं ते हाड. अंगाचा भार मुख्यतः नडगी पेलते, त्यामुळे गुडघ्याजवळचा आणि घोट्याजवळचा भाग ठेवून मधलं काढलं तरी माणूस चालतो. हे ऐकून आई मटकन खालीच बसली. "तोंडाचा आजार आणि पाय कशाला कापायचा?"

सीटी स्कॅनची सीडी तुमच्याकडे पोचवायची होती. बाबा म्हणाले, मी पण येतो. तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं, तरी आले. तुमच्या गाळ्यात टेबलावर कानात घालायच्या मशीनची कवचं मांडलेली होती आणि एका बाळाचं आरपार दिसणारं हृदय होतं. मी घाबरून त्याच्याकडे बघत राहिले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "हृदय नाही हो, हृदयाचा नकाशा आहे. सर्जन आदल्या दिवशी हातात घेऊन बघतात." बाबांना त्यात रस नव्हता. ते प्रिंटरपाशी उभे. नोझल इकडून तिकडे फिरतंय, थरावर थर चढतोय. पाच मिनिटांनी विचारलं, "थर केवढ्याचा?"

"मॉडेलला पॉइंट टू मिलिमीटर. फर्म्याला त्याहून बारीक."

"आणि टॉलरन्स? माप किती चुकलं तर चालतं?"

मला वाटलं, तुम्ही हसाल. तुम्ही खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसलात. स्कॅन म्हणजे डोक्याचे पातळ पातळ काप, प्रत्येक कापात हाड कुठलं आणि मांस कुठलं हे आधी कॉम्प्युटरवर वेगळं करायचं, मग ते काप जोडून आकार उभा करायचा. काप एक मिलिमीटरचे असतील तर प्रिंटर कितीही बारीक चालला तरी त्याहून जास्त अचूकपणाचं वचन मी देणार नाही, असं म्हणालात. परत येताना ट्रेनमध्ये बाबा मला म्हणाले, "बाई खोटं बोलत नाही." त्यांच्या तोंडून कुणाबद्दल याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

दुसऱ्या वेळी तुम्ही मॉडेल हातात दिलंत. बाबांचाच जबडा, पांढरा, त्यांच्या दोन पडलेल्या दाढांच्या खाचांसकट. वेल्डिंगचे डाग पडलेला अंगठा ते त्याच्या कडेवरून फिरवत होते. गाठीपाशी हाड वाळवी लागल्यासारखं खाल्लेलं होतं. तिथे अंगठा थांबला. रिपोर्टमधले इंग्रजी शब्द महिनाभर घरात फिरत होते, पण आजार केवढा आहे ते त्यांना त्या क्षणी कळलं. तंबाखूची पुडी त्यांनी त्याच संध्याकाळी टाकली. (सुटली मात्र तेव्हा नाही. सुटली ऑपरेशननंतर, तोंडच बंद होतं म्हणून. खरं ते लिहावं.)

मग तुम्ही पायाच्या हाडाचं मॉडेल काढलंत. सरळसोट. हे वळणार कसं? बाबांनीच सांगितलं, "लोखंडी अँगलला व्ही-कट मारून दुमडतो, तसंच ना? पाचर काढायची आणि मिटवायचं." तुम्ही म्हणालात, अगदी तसंच, फक्त इथे हाडाला रक्ताची नळी चिकटलेली असते, तिला धक्का लागता कामा नये. आणि म्हणून फर्मा. तो हाडावर एकाच जागी बसतो, त्याला खाचा असतात, करवत त्या खाचेतूनच जाते. कोन, लांबी, सगळं आधी ठरलेलं. पट्टीसुद्धा नव्या जबड्याच्या मॉडेलवर आधीच वाकवून ठेवायची. त्यामुळे हाड पायातच, रक्त चालू असतानाच, कापून जुळवता येतं. मग सोडवून वर आणायचं आणि मानेतल्या नसांना जोडायचं. बाबांनी कागदावर तीन तुकडे काढले. तुमच्या स्क्रीनवरही तीनच होते.

मामाने तेवढ्यात व्हॉट्सॅपवर आलेलं दाखवलं: नेदरलँड्समध्ये 2011 साली 83 वर्षांच्या बाईंना टायटॅनियमचा अख्खा खालचा जबडा प्रिंट करून बसवला, वजन 107 ग्रॅम. मग आपल्याला पायाची कापाकापी कशाला? तुम्ही चिडला नाहीत. बातमी खरी आहे म्हणालात. पण बाबांना पुढे रेडिएशन घ्यायचंय. शेकलेल्या कातडीखाली नुसता धातू असला तर तो कातडी फाडून बाहेर येण्याची भीती असते. स्वतःचं हाड स्वतःच्या रक्तावर जगतं, शेजारच्या हाडाशी सांधतं. जिवंत हाड छापण्यावर संशोधन चालू आहे, पण ते तुमच्या टेबलावर नाही. अशी वाक्यं धंदा करणारी माणसं सहसा बोलत नाहीत.

आता मुख्य गोष्ट, आणि माझी चूक.

ऑपरेशन ठरलं त्या सकाळी बाबांची साखर 340. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी नकार दिला. साखर आटोक्यात येऊन नवीन तारीख मिळेपर्यंत पाच आठवडे गेले. फर्मे तयार होते, पिशवीत सीलबंद. आणि तुमचा फोन आला, नवीन स्कॅन करा. मी भडकले. पुन्हा खर्च, पुन्हा दिवसभराची रांग, पुन्हा माझी रजा. फोन ठेवल्यावर तुम्हाला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नव्या स्कॅनमध्ये गाठ हनुवटीच्या दिशेने नऊ मिलिमीटर सरकली होती. जुन्या फर्म्याची खाच गाठीच्या जवळजवळ कडेलाच येत होती. "फर्मा चांगला बसला असता," तुम्ही म्हणालात, "हीच तर भीती." तो उत्तम बसला असता, करवत सरळ गेली असती, आणि चुकीच्या जागी गेली असती. मॅडम, हे वाक्य मला अजून रात्री आठवतं. तुम्ही सर्जनबरोबर पुन्हा बसून सगळं आखलंत, दोन रात्रींत नवे फर्मे काढलेत आणि फक्त रेझिनचे, म्हणजे कच्च्या मालाचे, पैसे घेतलेत. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तारीख पुढे गेली एवढं कानावर आलं आणि तुम्ही स्वतःहून फोन केलात.

ऑपरेशन साडेनऊ तास चाललं. कापलेल्या कडा स्वच्छ आल्या, म्हणजे कडेला गाठीचा अंश सापडला नाही. मग नाकातली नळी, गळ्याचं भोक, पाटीवर लिहून बोलणं, रेडिएशनचे तीस दिवस. त्याबद्दल जास्त लिहीत नाही; ज्यांनी काढलेत त्यांना माहीत आहे.

एक कबुली राहिली. मॉडेल उन्हात आणि गरम पाण्यात ठेवू नका, ते साठेक डिग्रीला नरम पडतं, असं तुम्ही बजावलं होतंत. आईने ते दिवाळीच्या साफसफाईत उकळत्या पाण्यात भिजत घातलं. जबडा वाकडा झाला. ती रडायलाच लागली, अपशकुन म्हणून. बाबांनी पाटीवर लिहिलं, "माझा नाही वाकला." तेव्हापासून तो वाकडा जबडा टीव्हीवर आहे.

बाबा आता मऊ वरणभात, घावन, पिकलं केळं खातात. डावीकडे दात नाहीत, बोलणं थोडं बोबडं, पण गिऱ्हाइकाशी भाव करण्यापुरतं स्पष्ट. लंगडत नाहीत. गेल्या आठवड्यापासून सकाळी दोन तास स्वतःच्या गाळ्यावर जातात. त्यांनी तुम्ही सांगितलेली एक गोष्ट लक्षात ठेवलीय: हे तंत्र काढणाऱ्या चक हल यांनी 1983 साली पहिली वस्तू बनवली ती डोळे धुवायची छोटीशी वाटी. "म्हणजे सुरुवात दवाखान्याच्याच सामानाने," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

आणि तुमच्या प्रिंटरची फिलामेंटची, म्हणजे प्लास्टिकच्या तारेची, रिळं खिडकीच्या गजाला सुतळीने टांगलेली होती, ते त्यांना तेव्हाच खटकलं होतं. त्यांनी स्टँड बनवलाय. चौरस पाइपचा, सहा रिळांचा, पावडर कोटिंग केलेला. रिक्षात मावत नाही, त्यामुळे टेम्पो करावा लागेल. कोणत्या दिवशी गाळ्यावर असता ते कळवा. टॉलरन्स अर्धा मिलिमीटर आहे, हे तुम्हाला आठवणीने सांग म्हणालेत.

तुमची,
भांडुपची, स्कॅनवरून भांडलेली मुलगी